सहा देवांचं रक्त

"भाऊ जुळला!" डॉक्टर सबनीस मॅडम खुर्चीतून उठल्याच. "मनकर्णा, तुझा भाऊ जुळला. निम्माच जुळलाय, पण तेवढ्यावर भागतं. आता आपण करू शकतो."

नागपूरच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत आम्ही चौघं बसलो होतो. मी, माझी आय, माझा मामा आणि मामाचा मुलगा जंगू. चौघांपैकी एकाच्याही तोंडावर आनंद दिसेना, तेव्हा मॅडमना वाटलं की आम्हाला कळलंच नाही. त्या पुन्हा पहिल्यापासून, लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागल्या. शेवटी मामानं घसा खाकरला.

"तो भाऊ नाई होय मॅडम."

"मामाचा मुलगा ना? मग मामेभाऊच की."

"तुमच्यात असन. आमच्यात तो हिचा नवरा होय. म्हंजे होनार हाय. मोहाचा हंगाम उरकला का लगन."

जंगूनं मान खाली घातली. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग जंगूकडे, आणि मग बराच वेळ टेबलावरच्या पेनकडे. एवढी शिकलेली बाई गोंधळलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. खरं सांगायचं तर मला थोडी मजाही वाटली. नंतर आम्ही सगळेच इतके गोंधळलो, की मजा वगैरे कुठच्या कुठं पळाली.

आम्ही गोंड. जिवतीच्या पहाडावरचे. घरात गोंडीच बोलतो, पण इथं मराठीत सांगते. आमच्यात प्रत्येक कूळ काही देवांचं असतं. कोणी चार देवांचं, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. देवांची संख्या सारखी असली, तर ती माणसं एकमेकांची भाऊ-बहीण, मग त्यांनी एकमेकांना जन्मात पाहिलेलं नसलं तरी. संख्या वेगळी असली, तर सोयरीक होते. माझा बा सात देवांचा, म्हणून मी सात देवांची. आयचं माहेर सहा देवांचं, म्हणून मामा आणि जंगू सहा देवांचे. ज्या घरातून आय आली, त्याच घरात तिची लेक सून होऊन गेली, तर दूध परत गेलं असं आमच्यात म्हणतात. मी नववीत असतानाच माझं आणि जंगूचं ठरलं होतं. ठरलं नसतं, तरी मी दुसरं कोणी पाहिलं नसतं.

मध्ये आलं ते माझं दुखणं. सिकलसेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि नसांमध्ये अडकून बसतात. हाडांत कोणी सुतार बसवून द्यावा तशी कळ येते. थंडी पडली की कळ, ताप आला की कळ, जास्त चाललं की कळ. माझा सख्खा भाऊ किसन याच दुखण्यानं लहानपणी गेला. बा आधीच गेला होता. राजुऱ्याच्या कॉलेजात मी पहिल्या वर्षापर्यंत पोचले आणि अंथरुणाला खिळून परत आले. त्या हिवाळ्यात तर छातीत कळ भरली आणि मी मरता मरता वाचले. पुढच्या वेळी वाचेनच असं मॅडम म्हणत नव्हत्या.

सरकारी तपासणीत मला लाल कार्ड मिळालं होतं, म्हणजे रोग. जंगूला पिवळं, म्हणजे नुसता वाहक. मॅडमनी ते आम्हाला अक्षरांवरून समजावलं होतं. रक्त कसं करायचं याची दोन अक्षरं प्रत्येकाला मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. माझी दोन्ही वाकडी. जंगूचं एक वाकडं, एक सरळ. सरळ एक असलं की माणसाचं निभतं.

"मनकर्णाच्या हाडातला मगज औषधानं जाळायचा," मॅडम त्या दिवशी म्हणाल्या, "आणि आईचा तिला चालत नाही, म्हणून जंगूचा मगज तिच्या अंगात सोडायचा. तो आपली जागा शोधतो आणि रुजतो. एकदा रुजला की जन्मभर तोच रक्त करतो."

"म्हंजे तिच्या अंगात रक्त जंगूचं?" मामानं विचारलं.

"हो! शंभर टक्के जंगूचं. उद्या तिचं रक्त तपासलं, तर त्यातली जनुकं सगळी जंगूची निघतील."

मॅडम हे फार आनंदानं बोलल्या. मामाचा चेहरा मात्र उतरला. परतीच्या बसमध्ये राजुरा येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावचा पटेल, सोमा पटेल, याच्या अंगणात माणसं जमली. पटेल सात देवांचा, म्हणून माझ्या बापाच्या जागी तोच. मला एका बाजूला घोंगडीवर बसवलं होतं. माझ्याच जिवाचं चाललं होतं, आणि मला कोणी काही विचारत नव्हतं.

"सहा देवांचं रक्त हिच्या अंगात जनमभर राहीन," मामा म्हणाला. "मंग पोरगी किती देवांची झाली?"

"सहाची," कोणीतरी म्हणालं.

"अन् जंगू?"

"सहाचाच."

"मंग झाले ना भाऊ-बहीण!"

मला राहवलं नाही. "मामा, मले दर दोन-चार महिन्यांनी रक्त चढवते. चंद्रपुरातल्या अर्ध्या लोकायचं रक्त माह्या अंगात गेलं. ते सारे माहे भाऊ होय का? मंग माहं लगन कोनाशी लावता, दवाखान्याच्या खाटेशी?"

काही जण हसले. पटेल मात्र हसला नाही. तो म्हातारा मोठा न्यायी माणूस होता आणि मला त्याचा राग येऊ नये यासाठी मी तेव्हाही बरीच धडपड केली.

"ते चढवलेलं रक्त पाहुनं होय पोरी," तो म्हणाला. "येते, दोन महिने राह्यते, चाललं जाते. हे तसं नोहे. हे घरजावई रक्त हाय. घरात बसन, खाईन, अन् आपलंच घर वाढवन."

मॅडमनी सांगितलं होतं तेच पटेल सांगत होता, फक्त त्याच्या शब्दांत. तेवढ्यात मामालाच नवीन शंका आली. पोरगी सहा देवांची झाली, तर मग तिला सोयरीक सात देवांत चालेल. म्हणजे तिच्या बापाच्या भावकीत! जी माणसं तिनं जन्मभर काका आणि दादा म्हणून हाक मारली, त्यांच्यात! हे ऐकून तिघं-चौघं एकदम बोलायला लागले. कोणी म्हणालं, रक्त आईचं की बापाचं हे आधी ठरवा. कोणी म्हणालं, मेल्यावर हिला कोणते देव आपल्यात घेतील? सहावाले म्हणतील आमची नाही, सातवाले म्हणतील आमची राहिली नाही. पोरीनं जावं कुठं?

तोवर मी फक्त जगण्याची काळजी करत होते. मेल्यावरही आपण बेघर होऊ शकतो, हे डोक्यात आलं नव्हतं.

शेवटी पटेलानं हात वर केला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "जीव मोठा. घे पोरी तू मगज. पन मंग जंगू तुहा भाऊ. लगनाचं विसर."

अंगण रिकामं झालं. जंगू ओढ्याकडे गेला होता, तिथं मी त्याला गाठलं. तो दगडावर बसून पाण्यात काड्या टाकत होता. मी त्याच्या शेजारी बसले, पण पाय पाण्यात घातले नाहीत. थंड पाणी मला वर्ज्य होतं.

"मी देनार हाय," तो म्हणाला.

"अन् मंग?"

"मंग काय? तू जगशीन."

"अन् तू माहा भाऊ होऊन राह्यशीन? माह्या लगनात मांडव घालशीन?"

त्यानं उरलेल्या काड्या एकदम पाण्यात फेकल्या. "तू नाई राह्यली, तं मी नवरा कोनाचा होऊ?"

जंगू कमी बोलतो. बोलतो तेव्हा असं बोलतो, की समोरच्याला पुढे बोलायला जागाच राहत नाही. मला त्याच्यावर इतकं प्रेम आलं आणि इतका संताप आला, की मी उठून तडक घरी आले आणि आयला सांगून टाकलं, "मी नाई घेत त्याचा मगज. मरन आलं तं येऊ दे. भाऊ म्हनून त्याच्या मांडवात मिरवाले मी नाई जगत."

मला वाटलं, आय रडेल. एक मुलगा तिनं याच दुखण्यात घालवला होता. ती रडली नाही. चुलीवर ज्वारीची आंबील होती, ती ढवळत राहिली. मग भांडं खाली उतरवलं, हात धुतले, पदर खोचला आणि म्हणाली, "चाल."

"कुठी?"

"पटेलाच्या घरी."

पटेल नुकताच जेवायला बसला होता. आय दारातच उभी राहिली. माझी आय चारचौघांत कधी तोंड उघडत नसे. सकाळच्या बैठकीतही ती भिंतीला टेकून गप्प बसली होती.

"पटेल, मी किती देवांची?"

पटेलाचा घास हातातच राहिला. "हे काय विचारनं झालं? सात देवांची."

"जनमली तवा किती देवांची होती?"

"सहाची. तू सहा देवांची लेक. लगन झालं अन् आमच्या देवांत आली."

"मंग लगनात माहं रक्त बदललं का?"

"रक्त कायले बदलन?"

"नाई ना बदललं? माह्या अंगात आजबी बापाचंच रक्त हाय. तरी तुमी मले सातवाली म्हनता, तुमच्या देवांपुढं बसवता. म्हंजे देव रक्तात नाई राह्यत. मांडवात राह्यते." आयनं श्वास घेतला. "मंग माह्या पोरीचं रक्त बदललं, तं देव कसे बदलतीन?"

पटेलानं घास ताटात ठेवला.

"अन् देव रक्तातच राह्यते म्हनत असान," आय पुढं म्हणाली, "तं मी आजबी सहावाली हाय. मंग इतके वर्सं तुमच्या देवांजवळ मी कोन म्हनून बसली? दोन्हीतलं एक सांगा पटेल. दोन्ही नाई चालत."

पटेल तिच्याकडे बघत राहिला. मीही बघत राहिले. ही बाई माझी आय आहे, हे मला नव्यानंच कळत होतं. मग पटेलाच्या मिशा हलल्या.

"तुले तं कोर्टात धाडाले पायजे होतं," तो म्हणाला. मग गंभीर झाला. "पन लोकाच्या मनातला किंतू जात नाई ना बाई. उद्या कोनी बोट दाखवलं तं?"

"मंग आधी लगन लावा. पोरगी सहा देवांत गेली, अन् मंग सहा देवांचं रक्त आत आलं, तं घरचंच घरात आलं. कोन बोट दाखवन?"

पटेलानं ताट बाजूला सरकवलं आणि मामाला बोलावणं धाडलं. मोहाच्या हंगामाची वाट कोणी पाहिली नाही. त्याच आठवड्यात आमच्या अंगणात मांडव उभा राहिला. मला उभं राहवत नव्हतं, म्हणून अर्ध्या फेऱ्या मी जंगूच्या खांद्याला धरून मारल्या. लोक हसत होते आणि बायका डोळे पुसत होत्या. हे लग्न आहे की निरोप आहे हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं, मलाही.

नागपूरला दवाखान्यात दाखल झाले, तेव्हा माझ्या हातापायांची हळद गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या एक ताई मोठ्या उत्साहानं आल्या. सोबत फोटो काढणारा माणूस. ताईंच्या हातात राखी होती. भावानं बहिणीला जीवदान दिलं असा फोटो त्यांना पेपरात द्यायचा होता.

"राखी नको ताई," मी हात पुढं केले. "हे पाहा. हळद हाय."

ताईंनी हळद पाहिली, जंगूकडं पाहिलं, राखी पर्समध्ये घातली आणि फोटोवाल्याला घेऊन त्या दुसऱ्या वॉर्डात गेल्या. जंगू तोंडावर टॉवेल धरून किती तरी वेळ हसत होता.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. लग्न झाल्याचं ऐकून त्यांनी दार लावून घेतलं आणि आम्हा दोघांना समोर बसवलं.

"मी तुम्हाला अडवू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण हे आधी सांगायला हवं होतं, माझं राहून गेलं. लग्नाचं कळल्यावर मी गोंधळलेच. मनकर्णा, तुझं रक्त बदलेल. पण तुझ्या पोटातलं बीज बदलणार नाही. तिथं दोन्ही अक्षरं वाकडीच राहणार. आधीच या औषधांनी मूल होणं अवघड होतं. झालंच, तर तुझ्याकडून त्याला वाकडं अक्षर येणार म्हणजे येणारच. आणि जंगूकडूनही वाकडंच गेलं, तर ते मूल तुझ्यासारखं होईल. निम्मी शक्यता आहे."

मला हसावं की रडावं कळेना. तिकडे गाव म्हणत होतं, रक्त एक होतंय म्हणून लग्न नको. इकडे मॅडम म्हणत होत्या, जिथं बदलायला पाहिजे तिथं बदलत नाही म्हणून नको. रक्त माझं एकच, आणि त्याला दोन्हीकडून नकार.

"मॅडम," मी विचारलं, "रक्तातलं बदलता, तं बीजातलं काऊन नाई बदलत?"

"तशी कात्री आता निघाली आहे. प्रयोगशाळेत नेमकं ते अक्षर कापून सरळ करता येतं. पण जन्माला येणाऱ्या मुलावर ती वापरायला मनाई आहे."

"काऊन?"

"तुझ्या रक्तातला बदल तुझ्याबरोबर संपेल. बीजातला बदल तुझ्या मुलांत, त्यांच्या मुलांत, कायमचा जाईल. चुकून भलतंच अक्षर कापलं गेलं, तर ते परत कसं आणायचं? आणि आज रोगासाठी केलं, उद्या लोक गोरं मूल मागतील, उंच मूल मागतील."

"आमाले गोरं नाई पायजे. जितं पायजे."

"कळतंय मला. पण शिवाय…" मॅडम अडखळल्या. "ज्याच्यात बदल करायचा, त्या बाळाला आपण विचारू शकत नाही ना. त्याच्या संमतीशिवाय त्याचं असणंच बदलायचं, हे बरोबर आहे का?"

"मले कोनं विचारलं होतं?" मी म्हटलं. "किसनले कोनं विचारलं होतं?"

मॅडमनी चष्मा काढला. जंगूनं माझा हात दाबला, मी जास्त बोलले असं त्याला वाटलं असावं. पण मॅडम रागावल्या नव्हत्या.

"याचं उत्तर मला येत नाही," त्या म्हणाल्या. "खरंच येत नाही."

पुढचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतात. केस गेले, तोंडात फोड आले, काचेच्या पलीकडं आय बसलेली असायची. जंगूचा मगज एका पिशवीतून आला, रक्तासारखाच लाल, आणि नळीतून थेंब थेंब माझ्यात उतरला. एवढा घोळ झाला तो या एवढ्याशा पिशवीपायी, असं वाटून मला तेव्हाही आश्चर्य वाटलं. दोन वेळा ताप चढला आणि मॅडमचा चेहरा पांढरा पडलेला मी काचेतून पाहिला. मग हळूहळू नवं रक्त धरलं. तपासणी झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "शंभर टक्के जंगू! रक्तापुरती तू आता पुरुष आहेस."

"मंग हिले मिशा येतीन का?" जंगूनं विचारलं. आयनं त्याला दटावलं, पण विचारायचं तिच्याही मनात होतं.

मिशा आल्या नाहीत. कळाही आल्या नाहीत. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी मी ओढ्यावर गेले, त्याच दगडावर बसले आणि भीत भीत पाय पाण्यात सोडले. पाणी बर्फासारखं गार होतं. मी वाट पाहत राहिले. सुतार आलाच नाही. मी तिथं बसून मोठमोठ्यानं रडले, आणि धुणं धुणाऱ्या बायका काय झालं, काय झालं म्हणत धावत आल्या.

मूल होण्याची आशा आम्ही सोडली होती. लेकरू नाही तर नाही, आपण दोघं आहोत, असं जंगू म्हणायचा. आणि मग काही वर्षांनी, कोणी काही मागितलेलं नसताना, मला दिवस गेले.

सगळे आनंदले आणि मी घाबरले. पुन्हा नागपूर गाठलं. पोटातल्या बाळाच्या वारेचा एक कण काढून अक्षरं तपासता येतात, ते करायचं ठरलं. सोबत आमचं दोघांचंही रक्त घेतलं. लाल निघालं तर काय करायचं, हे मी आणि जंगूनं एकमेकांशी बोलायचं टाळलं. तो रात्रंदिवस भिंतीकडं बघायचा, मी छताकडं.

चार दिवसांनी प्रयोगशाळेतल्या एका तरुण डॉक्टरचा फोन आला. आवाज वैतागलेला होता. "अहो, तुम्ही नवऱ्याचंच रक्त दोनदा पाठवलंय. दोन्ही नमुने एकाच पुरुषाचे आहेत. बाळाच्या आईचं रक्त पाठवा."

"ते आईचंच हाय."

"बाई, हे रक्त बाळाच्या बापाचं आहे!"

"हो," मी म्हटलं. "तेबी हाय."

बिचाऱ्यानं फोनच ठेवला. मॅडमनी त्याला सगळं समजावून सांगितलं. मग माझ्या गालाच्या आतून कापूस फिरवून नेला. तिथं अजून मीच होते म्हणे. तेवढ्या चार-पाच दिवसांत माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. रक्ताला विचारलं, तर या बाळाला दोन बाप आहेत आणि आई नाहीच. पोट माझं, उलट्या माझ्या, आणि कागदावर मी कुठंच नव्हते. किती देवांची हा प्रश्न आयनं सोडवला होता. आता हा कोणाला विचारायचा?

निकालाच्या दिवशी मॅडमनी आम्हाला त्याच जुन्या खोलीत बसवलं. त्यांचे केस आता पांढरे झाले होते. आम्ही दोघं खुर्चीच्या काठावर बसलो होतो. मॅडमनी उगाच ताणलं नाही.

"पिवळं," त्या म्हणाल्या. "बाळ फक्त वाहक आहे. त्याला कसलाही त्रास होणार नाही."

जंगू ताडकन उठला. "पिवळं! माह्यासारखं! माहंच गेलं त्याच्यात!"

"नाही जंगू," मॅडम हसल्या. "तुझं सरळ अक्षर गेलं, म्हणून तर बाळ वाचलं. त्यातलं वाकडं आहे ते मनकर्णाचं."

जंगूला तो फरक महत्त्वाचा वाटला नाही. तो बाहेर मामाला फोन करायला पळाला. मी मात्र जागेवरून हललेच नाही. मी पोटावर हात ठेवला. मॅडमच्या ते लक्षात आलं.

"हेच अक्षर कापून टाका म्हणाली होतीस तू मला."

"हो."

"आणि आज?"

याच अक्षरानं किसनला नेलं होतं. याच अक्षरापायी मी काचेआड मरणाच्या दारात पडून होते. ते माझ्या लेकराच्या अंगात आहे याचं मला दुःख व्हायला हवं होतं. आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं, कोणीतरी माझं नाव घेऊन हाक मारल्यासारखं. मला स्वतःची लाज वाटली. आजही वाटते, आणि तरीही ते तसंच वाटलं होतं हे मी नाकारत नाही.

"मले बी उत्तर येत नाई मॅडम," मी म्हटलं.

परतीच्या बसमध्ये जंगूनं मला खिडकीजवळ बसवलं. तो सारखा बोलत होता, जन्मात बोलला नव्हता इतका. राजुरा मागं पडलं आणि बस पहाड चढायला लागली, तेव्हा कुठं त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"अवं, रडून काऊन राह्यली? लेकरू तं चांगलं हाय ना?"

"चांगलं हाय," मी म्हटलं. "माह्यावर गेलं हाय."